सकाळचा अर्धा फेरा

८ फेब्रुवारी

मुंगे,

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस हात कसा आहे, आणि मी तीनदा म्हटलं बरा आहे. तेवढ्यावर आपलं बोलणं आटपलं. फोन कानाला लावला की मला काही सुचत नाही. समोर माणूस नाही, हातात काम नाही, मग बोलायचं कशाच्या आधारावर? म्हणून लिहायला बसले. अक्षर तिरपं दिसेल, पण माझंच आहे.

प्लास्टर काढलं. आतून निघालेला हात काही माझा वाटेना. पांढराफटक, काटकुळा, कातडी सोललेली. जणू कोणी आपला हात विसरून गेलं आणि तो मला सांभाळायला दिला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता पुढचं काम तुमचं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एक रबरी चेंडू दिलाय. मी तो दाबते. चेंडूला त्याचं काही वाटत नाही.

आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचं तू काहीच विचारलं नाहीस, म्हणजे तुझ्या आईने सांगितलेलं दिसतंय. तुझे काका गेले त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. ग्रंथालयाचा तो खिळखिळा झालेला वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ आठवतो? बांधणी उसवून, पानं नीट करून नव्याने बांधायला दिलेला. तुझ्या काकांनी त्याच्या सगळ्या घड्या पुन्हा घालून घेतल्या होत्या. सोळा पानांची एकेक घडी, आम्ही तिला जुझ म्हणतो, अशा घड्यांची थप्पी करून दाबायच्या प्रेसमध्ये चाकाने आवळून ठेवली होती. ती अजून तिथेच आहे. घड्या घालणं, दाबणं त्यांचं आणि शिवणं माझं, अशी आमची वाटणी होती. ग्रंथालयाच्या बाई अधूनमधून येतात, प्रेसकडे बघतात, माझ्या हाताकडे बघतात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात. त्यांचं हे न विचारणं मला फार जड जातं.

भाऊजी म्हणतात, वहिनी, आता पुरे. खोली मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला देऊ, प्रेस कोणी नेत असेल तर नेऊ दे. त्यांचंही चुकत नाही, खोलीत त्यांचा अर्धा वाटा आहे. एप्रिल संपेपर्यंत थांबतो म्हणाले. मला दुकान सोडायचं नाही, मुंगे. पण प्रेसचं चाक सोडवल्याशिवाय पुढचं काम नाही, आणि चाक सोडवायला मनगट नाही. सगळं गाडं या एका मनगटापाशी येऊन अडलंय.

आता तुझं सांग. तुझी आई म्हणत होती की तू हाडांच्या पेशी घेऊन त्यांना दिवसभर ताणत बसतेस. हसत सांगत होती. मला नीट लिही. लहान मुलांना सांगतात तसं नको आणि परीक्षेत लिहितात तसंही नको. सगळं नाही कळलं तरी चालेल. मी पुस्तकं शिवता शिवता वाचलेली बाई, मला मधूनच वाचायची सवय आहे. कितीतरी पुस्तकांची सुरुवात मला अजून माहीत नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

जेवणाच्या वेळा पाळतेस ना?

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी विचारत होता, प्रेमपत्र आहे का? म्हटलं, हो.

मी काय करते ते सांगते. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. आपण कुठे आहोत हे तिला कळतं ते ओढून बघून. ती जिथे बसते तिथे बारीक बारीक पकडी रोवते आणि त्या आत खेचते. खालची जमीन सरकली, म्हणजे मऊ आहे. नाही सरकली, म्हणजे कडक. मऊ जमिनीवर ती अंग चोरून गोल बसते. कडक जमिनीवर हातपाय पसरते, आतले दोर ताणून घेते. एकाच आईच्या दोन पेशी घे, एक खळीसारख्या लिबलिबीत थरावर ठेव, एक काचेवर, आठवड्याने त्या बहिणी आहेत असं कोणाला वाटणार नाही. आणि दोघींना खाऊपिऊ एकच घातलेलं असतं. आधी मला वाटायचं पेशी म्हणजे कोणी सांगेल तसं वागणारी गोष्ट. आता वाटतं, ती सारखी जगाला धक्का देऊन विचारत असते, आहेस का?

तुझ्या कामाच्या आहेत त्या हाडातल्या पेशी. हाड बाहेरून दगडासारखं दिसतं, पण आत लाखो खोबणी आहेत आणि प्रत्येक खोबणीत एक पेशी राहते. तिच्या अंगाला धाग्यांसारखे पाय फुटलेले असतात, ते बारीक नळ्यांतून शेजारणींपर्यंत पोचतात. नळ्यांत पाणी असतं. आपण चालतो, उचलतो, तेव्हा हाड कणभर वाकतं, पाणी इकडचं तिकडे होतं आणि धाग्यांना ते जाणवतं. मग पेशी निरोप पाठवतात: इथे भार येतोय, इथे हाड लागणार आहे. भार यायचा थांबला की उलटा निरोप जातो: इथलं काढून न्या, इथे कोणी काम करत नाही. तुझ्या प्लास्टरमध्ये तेच झालं असणार. म्हणून चेंडू सोडू नकोस. हाताला भार दे, मावशी. त्याला कळू दे की तू अजून त्याच्याकडून काम घेणार आहेस.

आज मात्र मी पेशी ताणल्या नाहीत. नवा थर तयार केलाय, त्याची चकती दोन पट्ट्यांमध्ये दाबून किती जोर परत देते ते मोजत होते. यात एक गंमत आहे. चकती दाबली की काटा झपकन वर जातो. मग पट्ट्या तिथेच अडकवून आपण बाजूला व्हायचं. कोणी काही हलवत नाही, चकती दबलेलीच असते, आणि तरी काटा हळूहळू उतरत जातो. दुपार टळेपर्यंत तिने ढकलणं जवळजवळ सोडून दिलेलं असतं. शिकायला आले तेव्हा मला वाटायचं यंत्रच बिघडलंय.

मावशी, एक विचारू? माझ्याकडे दुसरी खोली रिकामी आहे. खिडकीखाली एक झाड आहे, समोरच्या कोपऱ्यावर वाचनालय आहे. दुकान बंद करायचंच असेल तर तू इथे ये. नसेल करायचं तर माझं बोलणं सोडून दे.

तुझी मुंगी


२ मार्च

मुंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा सुरुवातीपासून आणि एकदा माझ्या पद्धतीने, मधूनच. मधून जास्त चांगलं कळलं.

त्या गोल बसलेल्या पेशीचं मला फार वाटलं. म्हणजे बिचारीने ओढून बघितलं, समोरून काहीच घट्ट हाताला लागलं नाही, म्हणून अंग चोरून बसली. अशा बाया मी पाहिल्यात.

भार द्यायचं मनावर घेतलंय. चेंडू म्हणजे पोरखेळ वाटला मला. तू म्हणालीस भार, तर भारच. आमच्या धंद्यात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: वजन ठेवा आणि निघून जा. पान वाकडं झालं, वजन ठेवा. पुठ्ठा फुगला, वजन ठेवा. तेव्हा दुपारी जेवण झालं की टेबलावर हात पसरते, वर कागदांची गादी घालते आणि कापडात गुंडाळलेली लोखंडी वीट मनगटावर ठेवते. मग डाव्या हाताने पानं उलटत तासभर वाचत बसते. बोटांना थोड्या वेळाने मुंग्या येतात, तुझी आठवण येते. चार दिवसांपूर्वी दुसरी वीट चढवली. व्यायामवाल्या मुलीला अजून सांगितलं नाही, एकदम दाखवेन.

तुझे काका तर याच्याही पुढचे. संध्याकाळी प्रेस आवळून यायचे आणि सकाळी चूळ भरली की आधी चाकापाशी. त्याला हात लावून थोडं हलवल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. मी म्हणायचे, आधी तिची विचारपूस, मग माझी. ते म्हणायचे, ती रात्रभर उभी असते, तू झोपतेस. यावर काय बोलणार?

तुझ्याकडे येण्याचं म्हणशील तर, खोली, झाड, वाचनालय सगळं मनात भरलं. पण मी तिथे काय करेन? तुझी वाट बघेन. ते काम मला नीट येत नाही.

आणि एक राहिलं. ती तुझी चकती. कोणी हलवलं नाही, पट्ट्या जागच्या जागी, मग तिच्यातला जोर गेला कुठे? काहीतरी असेल ना त्याचं? भांड्यातलं पाणी कमी झालं तर खाली ओल दिसते. जोराची ओल कुठे दिसते?

तुझी मावशी


९ मार्च

मावशी,

आधी ती वीट खाली ठेव. दुसरी पण. हे पत्र वाचून होईपर्यंत थांबू नकोस.

चूक माझी आहे. "भार दे" एवढंच लिहिलं मी, आणि तुझ्या हाताशी प्रेस आहे हे विसरले. तू तुझ्या मनगटाचं पुस्तक करायला निघालीस. मी हसले, पण खरं सांगायचं तर घाबरले जास्त. बोटांना मुंग्या येतात म्हणजे शीर दाबली जातेय. व्यायामवाल्या ताईंना आजच दाखव आणि विटांसकट सांग.

नुसता ठेवलेला भार हाडाच्या पेशींना ऐकूच येत नाही. मी लिहिलं होतं ना, त्यांना कळतं ते पाणी हललं की. तू वीट ठेवलीस तेव्हा पाणी हललं. उचललीस तेव्हा पुन्हा हललं. मधला तासभर, वीट कितीही जड असो, आत सगळं गप्प. त्या पेशींच्या लेखी तू काहीच केलं नाहीस. कितीतरी हलका भार चालतो, पण तो यावा, जावा, पुन्हा यावा. आणि सारखा नको, मधे थांबावं. एकसारखं टोचत राहिलं तर त्या लक्ष द्यायचं सोडतात, जरा विश्रांती मिळाली की पुन्हा कान देतात. तेव्हा चेंडूच बरा. दाब, सोड, थांब.

चकतीतला जोर कुठे जातो याचं उत्तर सोपं नाही, पण प्रयत्न करते. आत लांब लांब धागे असतात, एकमेकांत गुंतलेले. दाबलं की ते ताणले जातात, परत जागेवर जायला बघतात, तोच जोर. पण जागेवर जाता येत नाही म्हटल्यावर ते हळूहळू एकमेकांवरून सरकतात, नव्या जागा शोधतात आणि तिथे स्थिरावतात. एकदा तिथेच बसायचं ठरल्यावर ढकलायचं कशाला? थोडी ऊब होऊन जोर निघून जातो. ओल म्हणायची तर तीच.

आता एक काम मी तुला न विचारता केलंय. भाऊकाकांना पत्र लिहिलं. म्हटलं, मावशीचं सगळं त्या चाकापाशी अडलंय, एखादा मिस्त्री घेऊन जा आणि चाक सोडवून द्या, म्हणजे तिला निदान शिवायला बसता येईल. ते लगेच हो म्हणाले. रागावू नकोस.

मुंगी


२१ मार्च

मुंगे,

रागावले होते, म्हणून पत्राला उशीर. आता राग नाही.

विटा उतरवल्या. व्यायामवाल्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि माझ्या तळव्यावर सुई फिरवून कुठे कुठे कळतंय ते पाहिलं. सगळीकडे कळलं. म्हणाली, आजी, तुमच्यासारखी मेहनती पेशंट नको. आता दाबते, सोडते, थांबते. थांबणं सगळ्यात कठीण जातं.

भाऊजी गेल्या रविवारी आले. बरोबर मिस्त्री, त्याच्या खांद्यावर हा एवढा पाना. त्यांना दारात पाहिलं आणि मी काय केलं असेल? शिवायचं स्टूल ओढलं आणि प्रेसला पाठ लावून बसले.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा उठता का?"

म्हटलं, "मी बरी आहे इथे."

"अहो, मुद्दाम माणूस आणलाय. दोन मिनिटांचं काम."

"पाना बाहेर ठेवा, त्यांना चहा टाकते."

चहा टाकायला उठावं लागलं असतं, हे लक्षात आलं म्हणून तोही टाकला नाही. मिस्त्री बिचारा एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मग भाऊजी खाली पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "हात चालत नाही म्हणता, आणि हात घेऊन आलो तर लावू देत नाही. तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका."

मला सांगता आलं नाही. त्यांनी मिस्त्रीला वाटेला लावलं, स्वतः बराच वेळ बसले, जाताना एवढंच म्हणाले की एप्रिलचं बोललोय ते लक्षात ठेवा. भावाची आठवण त्यांनाही येते. कात्रीवरची धूळ त्यांनी पुसली, मला दिसलं.

तुला सांगते. मनगट धड असतं तरी मी त्या चाकाला हात लावला नसता. पडायच्या आधी पण कुठे लावला होता? तेव्हा मी कधी म्हणायचे थंडी आहे, कधी कामं आहेत. मग हात मोडला आणि माझी सोय झाली.

गेल्या वर्षी त्या संध्याकाळी तुझ्या काकांनी थप्पी आत सरकवली, चाक आवळलं, शेवटी खांदा लावून आणखी जरा आवळलं, हात पुसले आणि म्हणाले, सकाळी बघू. सकाळी उठलेच नाहीत. तुला हे माहीत आहे, पण एवढं पुढचं माहीत नाही. घरातलं त्यांचं सगळं कणाकणाने गेलं. सदऱ्याचा वास गेला. चपलेतला पायाचा ठसा, चप्पल मी उन्हात ठेवली तेव्हा वाळून गेला. साबणाची त्यांनी वापरलेली वडी झिजून संपली, शेवटी मीच संपवली. पण चाक आहे तसं आहे. त्यांनी आवळलं त्यानंतर कोणी त्याला हात लावलेला नाही. त्यांच्या खांद्याचा जोर अजून त्या थप्पीवर आहे. मी रोज दुकान उघडते, झाडते, आणि मनात म्हणते, हे आवळून उभे आहेत अजून. चाक सोडलं की तो जोर सुटेल आणि मग काहीच उरणार नाही. भाऊजींना हे कसं सांगू? मिस्त्रीसमोर?

आणि तू ती चकती लिहून पाठवलीस. सहज लिहिलंस, तुझा काही दोष नाही. पण पहिल्या पत्रापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून कुठे गेला जोर, कुठे गेला, असं विचारत होते. आता सरळ विचारते. कागदाचंही तसंच होतं का?

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

मावशी


३० मार्च

मावशी,

उत्तर मला पत्र वाचतानाच माहीत होतं. तरी आठवडा गेला.

अंदाजाने लिहायचं नाही म्हणून वहीचे कागद कापून त्यांच्या घड्या घातल्या, जमतील तशा, आणि चकतीच्या जागी त्यांची थप्पी यंत्रात ठेवली. शेजारच्याने विचारलं, हे काय? म्हटलं, घरचं काम आहे. थप्पी दाबली आणि पट्ट्या अडकवून घरी गेले. सकाळी काटा बराच खाली आलेला होता. मग तसंच राहू दिलं. काटा उतरतच होता, फक्त सावकाश.

कागदाचंही तसंच होतं, मावशी. वर्षभरानंतर त्या थप्पीवर काकांच्या जोरातला फारसा काही उरला नसेल. चाक आहे तिथे आहे, पण ते आता आवळत नसावं.

"प्रत्येक कागद वेगळा, नक्की सांगता येत नाही," असं लिहिता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण तू शिवताना धागा सैल राहिला तर अख्खं जुझ उसवायचीस, मला पाहून पाहून तेच लागलंय.

यंत्रातून थप्पी काढली तेव्हा तुझ्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. त्यावर मलम म्हणून नाही, खरं आहे म्हणून एक सांगते. कडक जमिनीवर बरेच दिवस राहिलेली पेशी उचलून मऊ जमिनीवर ठेवली, तर ती लगेच गोल होत नाही. बरेच दिवस हातपाय पसरूनच राहते, जणू खाली अजून कडकच आहे. थोडे दिवसच राहिलेली असेल तर चटकन विसरते. याला आम्ही पेशीची आठवण म्हणतो, कारण दुसरा शब्द सापडलेला नाही. तुझ्या कामाचं आहे का ते तू ठरव.

चाकाला हात लावायचा तेव्हा मी हवी असेन तर एक ओळ लिही, येते. नको असेन तर तेही लिही.

मुंगी


२८ एप्रिल

मुंगे,

तू नको होतीस. वाईट वाटून घेऊ नकोस, कोणीच नको होतं. पण तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं.

पत्र आल्यावर बरेच दिवस मी दुकान उघडायची, झाडायची आणि प्रेसकडे न बघता बाहेर यायची. तुझ्यावर चिडले नाही. त्यांच्यावर थोडी चिडले, आवळून उभे आहेत असं मला इतके दिवस वाटू दिलं म्हणून. मग मलाच हसू आलं. चेंडू चालू होता. दाब, सोड, थांब. एका सकाळी झाकणाची बरणी त्या हाताने उघडली, आणि तेव्हा ठरवलं.

डाव्या हाताने चाक धरून ठेवलं आणि उजवा वर ठेवला. अंग सगळं तयारीत, की आता हे झटका देऊन सुटेल, नाहीतर हलणारच नाही. नळ सोडावा तसं ते फिरलं. मोडलेल्या मनगटाने, मुंगे. माझं बळ अर्धंअधिक वायाच गेलं, स्टुलावर धपकन बसले. सुटायला त्यात काही नव्हतंच. मी वर्षभर ज्याला धक्का लागू देत नव्हते ते केव्हाच निघून गेलं होतं, मी रोज झाडत होते तेव्हाच, माझ्या पाठीमागे.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, तेवढं आठवतं.

मग थप्पी काढली, कारण आता काढायला हरकत नव्हती. नुसती दाबलेली जुझं हात सुटला की थोडी फुगतात, वरची घडी ओठ उघडल्यासारखी उघडते. ही फुगली नाहीत. एकही नाही. दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं तरी घडी मिटलेली. हाडाच्या पट्टीने घडी दाबताना ते शेवटच्या टोकाला जरा जास्त जोर द्यायचे, तिथे कागद चकाकतो. प्रत्येक घडीवर ती चकाकी होती. ते धागे सरकून नव्या जागी बसतात म्हणून तू लिहिलं होतंस. बसले होते.

शिवायला घेतलं. पहिलं जुझ शिवताना सुई तीनदा हातातून पडली आणि धागा सैल राहिला, म्हणून उसवलं. दुसऱ्यांदा जमलं. रोज थोडं शिवत गेले आणि थांबत गेले, हाताच्या पेशींना कान द्यायला वेळ मिळावा म्हणून. वाचलंही. मधल्या एका जुझात लिहिलंय की वाऱ्यावर हलणारी रोपं बुटकी राहतात पण खोडाने जाड होतात, आणि आडोशाला वाढलेली उंच होऊन कलंडतात. तुझ्या पेशींच्या नात्यातलीच दिसतात.

ग्रंथालयाच्या बाई आल्या. शिवलेलं पाहिलं आणि हवापाण्याचं न बोलता स्टूल ओढून बसल्या. भाऊजी परवा आले. रिकामी प्रेस बघून दारातच थांबले. मी म्हटलं, या, आता चहा टाकते. त्या दिवशी त्यांना सांगता आलं नव्हतं ते सांगितलं. ऐकून घेतलं, मग चाकाला हात लावून पाहिला, पुन्हा पुन्हा फिरवला. म्हणाले, "दादा मला याला कधी हात लावू द्यायचा नाही." मोबाइलवाल्याला दुसरी खोली बघायला सांगतो, असं जाता जाता म्हणाले, जणू ते आधीच ठरलेलं होतं.

शिवून झालं. काल ग्रंथाच्या पाठीला सरस लावला, पुठ्ठे चढवले आणि संध्याकाळी प्रेसमध्ये ठेवला. चाक मी आवळलं. खांदा लावला नाही, माझ्या मनगटाला जेवढं झेपलं तेवढं. हात पुसले आणि घरी आले.

आज सकाळी जाग आली तशी आधी तिकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही, सवय माझी नव्हती. चाकाला हात लावला. सैल नव्हतं, पण मी सोडून गेले होते तेवढं घट्टही नव्हतं. रात्रीतून उतरलं होतं, तुझ्या काट्यासारखं. अर्धा फेरा आणखी बसला.

तो अर्धा फेरा बसताना मला कळलं की ते रोज सकाळी चहाच्या आधी काय करत होते. मी आयुष्यभर त्याची थट्टा केली. त्यांना तुझी चकती माहीत नव्हती, धागे माहीत नव्हते. पण एकदा आवळलेलं सकाळपर्यंत तसं राहत नाही, रोज जाऊन थोडं पुन्हा आवळावं लागतं, एवढं हाताला माहीत होतं. आणि मी वर्षभर काय केलं? कोणाला हात लावू दिला नाही.

"सकाळी बघू" म्हणाले होते. त्यांच्या त्या थप्पीचा सकाळचा फेरा राहिला होता. आज दिला.

ऊन खिडकीपर्यंत आलंय. चहा अजून घेतलेला नाही, आता घेते.

मावशी